महासाथीतल्या ऑनलाइन वर्गांचा दाखला देण्याआधी : कुलगुरू आणि विद्यापरिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि विद्यापरिषदेचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

संलग्न महाविद्यालयांना नुकतेच आलेले परिपत्रक आम्ही वाचले. येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा. अतिवृष्टीच्या किंवा लोकल बंद पडण्याच्या दिवशी तास रद्द न करता ऑनलाइन घ्यावेत व त्यांची हजेरी धरावी. प्रत्येक ऑनलाइन तासाचे रेकॉर्डिंग महाविद्यालयाच्या खात्यावर जमा करावे, असे त्यात आहे. कारण एका ओळीत दिले आहे: महासाथीच्या काळात ही व्यवस्था चालली, तेव्हा आता ती नियमित करायला अडचण नसावी.

अडचण आहे, आणि ती आम्हीच सांगायला हवी, कारण ती व्यवस्था आम्ही चालवली. आम्ही मुंबई आणि उपनगरांतल्या महाविद्यालयांत कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांत शिकवतो. काही अनुदानित जागांवर, काही विनाअनुदानित अभ्यासक्रमांना, काही तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासाप्रमाणे मानधनावर. ऑनलाइन अध्यापनाला आमचा विरोध नाही. त्यातले काय टिकवण्याजोगे आहे तेही पुढे लिहिले आहे. पण मार्च २०२० नंतर जे घडले ती एक आपत्कालीन तडजोड होती. ती शिक्षकांच्या खासगी फोनवर, घरच्या विजेवर आणि विद्यार्थ्यांच्या रिचार्जवर उभी होती. तिचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून ती फुकटात झाली असा समज होतो. त्याच समजावर आता नियम उभा राहतो आहे.

आधी त्या वेळची परिस्थिती नेमकी आठवूया. मार्च २०२० च्या मध्याला महाविद्यालये बंद झाली, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी आली. जूनच्या मध्याला लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपुरती. सर्वसामान्य प्रवाशाला ठरावीक वेळांत तरी गाडीत चढता आले ते १ फेब्रुवारी २०२१ पासून. म्हणजे महाविद्यालयातले संगणक, प्रोजेक्टर, लीज लाइन सगळे कुलपात, आणि शिक्षक विरारला किंवा डोंबिवलीला घरी. मुंबईत वर्ग खऱ्या अर्थाने पुन्हा भरू लागले ते ऑक्टोबर २०२१ नंतर. या दीड वर्षात संस्थेची साधने जवळजवळ वापरलीच गेली नाहीत. तेव्हा त्या काळावरून संस्थेची क्षमता सिद्ध झाली असे म्हणता येत नाही.

आता वर्गाकडे येऊ. आपल्याकडे तास ४८ मिनिटांचा. झूमच्या फुकट खात्यावर सभा ४० मिनिटांनी बंद होते. उरलेल्या आठ मिनिटांसाठी पुन्हा लिंक पाठवायची, पुन्हा सगळ्यांना आत घ्यायचे. एवढ्यात पुढच्या तासाची वेळ होते. त्याहून वाईट गोष्ट संख्येची. वाणिज्य शाखेची तुकडी १२० ची, आणि झूम असो वा गुगल मीट, फुकट खात्यावर एका वेळी १०० जण. म्हणजे पूर्ण तुकडी आली तर वीसजण बाहेर. हे वीसजण रोज वेगवेगळे नसत. ज्यांचा फोन जुना, ज्यांचे नेटवर्क कच्चे, ज्यांना आत यायला दोन मिनिटे जास्त लागतात, तेच रोज बाहेर राहत. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्याला निदान बाक तरी मिळतो.

डेटाचा हिशेब कोणत्याही परिपत्रकात आम्हाला आजवर दिसलेला नाही. तो असा आहे. व्हिडिओ वर्गाला सेकंदाला साधारण एक मेगाबिट धरले तर ४८ मिनिटांना सुमारे ३६० एमबी लागतात. असे दिवसाला चार तास झाले की १.४ जीबीच्या वर. विद्यार्थ्यांकडचा तेव्हाचा नेहमीचा पॅक दिवसाला दीड जीबीचा. त्यातून घरातल्या दुसऱ्या भावंडाची शाळा, वडिलांचा व्हॉट्सॲप आणि अपलोड करायची असाइनमेंट भागवायची. म्हणून तिसऱ्या तासानंतर विद्यार्थी गायब होत. त्याला आळस हे कारण नव्हते. तोच तास फक्त आवाजावर घेतला तर सेकंदाला ४० किलोबिट पुरतात, म्हणजे सगळा तास १५ एमबीत बसतो. आदल्या रात्री दोन एमबीची पीडीएफ पाठवायची, स्लाइडना मोठे क्रमांक द्यायचे आणि तासाला "आता सातवी स्लाइड पाहा" असे सांगत बोलायचे. दिसायला हे साधे, पण कणकवलीजवळच्या वाडीत अडकलेल्या विद्यार्थ्यापर्यंत शिकवणे पोहोचवण्याची सर्वांत खात्रीची रीत हीच. तरीही अनेक ठिकाणी तपासणीसाठी पुरावा मागितला गेला तो कॅमेरा चालू असलेल्या तासाच्या स्क्रीनशॉटचा.

शिक्षकाच्या बाजूचे गणित उलटे. त्याला डाउनलोडपेक्षा अपलोडचा वेग महत्त्वाचा, आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांत नेमका तोच कमी असतो. स्क्रीन आणि चेहरा दोन्ही दाखवायला दोन ते तीन एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट) स्थिर अपलोड लागतो. आता हेच महाविद्यालयात बसून करायचे तर एका वेळी ३० शिक्षक तास घेत असताना किमान ६० एमबीपीएस अपलोड हवा, तोही ऑफिस आणि लायब्ररीचे काम सोडून. किती महाविद्यालयांत तो आहे, याची पाहणी झाली आहे का? गणित, सांख्यिकी, रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला फळा लागतो, आणि माउसने समीकरण लिहिता येत नाही. त्याला पेन टॅबलेट हवा, नाहीतर कागदावर वरून रोखलेला फोन आणि तो न हलता धरणारा स्टँड. आवाजासाठी वायरचा साधा इअरफोन ब्लूटूथपेक्षा बरा, कारण तो तासाच्या मध्यात डिस्चार्ज होत नाही. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला की वीज गेली तरी तास तुटत नाही. या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू आहेत. त्यांची बिले शिक्षकांनी स्वतः भरली, त्यांत तासावर पैसे मिळणारेही होते.

घरांबद्दल एवढेच सांगतो की झोपडपट्टी पुनर्वसनातल्या सदनिका पूर्वी २२५ चौरस फुटांच्या होत्या, मग २६९, आता ३०० झाल्या. बीडीडी चाळीतली खोली १६० ची. तिथे एकाच वेळी दोन मुलांचे वर्ग आणि वडिलांची रात्रपाळीनंतरची झोप चाललेली असते. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती म्हणजे ते घर सगळ्या तुकडीसमोर उघडे टाकण्याची सक्ती. मुलींनी कॅमेरा बंद ठेवला म्हणून गैरहजेरी लावू नये, एवढा साधा नियमही तेव्हा लेखी नव्हता आणि आताच्या परिपत्रकातही नाही.

पावसाच्या दिवसांविषयीचा भाग आम्हाला सर्वांत अस्वस्थ करतो. सकाळच्या सत्राचे वर्ग सातला भरतात. कर्जत किंवा कसाऱ्याकडून येणारा विद्यार्थी पाचच्या आसपास घर सोडतो. रुळांवर पाणी आल्याची बातमी येते तेव्हा तो घरीही नसतो आणि महाविद्यालयातही नसतो. ठाणे आणि कुर्ल्याच्या मध्ये थांबलेल्या गाडीत असतो, आणि त्याच टॉवरवर हजारो फोन एकदम लागलेले असतात. सायन, कुर्ला, हिंदमाता अशा सखल भागांत पाणी मीटरच्या खोलीपर्यंत चढले की वीजपुरवठा खबरदारी म्हणून बंद केला जातो. मोबाइल टॉवरही बॅटरीवर काही तासच तग धरतो. ज्या दिवशी शहराची वाहतूक कोलमडते, त्या दिवशी वीज आणि नेटवर्कही हमखास डळमळते. त्या दिवशीच्या ऑनलाइन तासाची हजेरी सक्तीच्या किमान ७५ टक्क्यांच्या हिशेबात धरणे म्हणजे सुक्या इमारतीत राहणाऱ्याला गुण देणे आणि पाण्यात अडकलेल्याचे कापणे.

यासाठी पाऊसच लागतो असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिडमध्ये बिघाड झाला आणि मुंबई महानगराची वीज गेली. अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा सुरू होत्या. त्या दिवसाचे पेपर पुढे ढकलावे लागले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतल्या अनेक गावांत वीज परत यायला कित्येक दिवस लागले. टाळेबंदीत गावी गेलेले आमचे विद्यार्थी त्याच गावांत होते.

प्रयोगशाळेबद्दल थोडे सविस्तर लिहू द्या, कारण तिथले नुकसान आजही भरून आलेले नाही. रसायनशास्त्राचे टायट्रेशन पडद्यावर करता येते असे म्हणणाऱ्याने ब्युरेट हातात धरून पाहावी. डाव्या हाताने तिची तोटी सांभाळायची, उजव्या हाताने शंकूपात्र हलत ठेवायचे, रंग टिकू लागला की धार थांबवून थेंबावर यायचे, मग अर्ध्या थेंबावर, आणि डोळा द्रवाच्या वक्र कडेच्या बरोबर समोर आणून ०.१ मिलीपर्यंत वाचन घ्यायचे. डोळा वर-खाली झाला तर वाचन चुकते. तोटीत हवेचा बुडबुडा राहिला तर पहिलेच वाचन फसते. ही चूक करून, तिचे कारण शोधून, पुन्हा तीन सारखी वाचने मिळवणे हेच शिकणे आहे. संगणकावरच्या प्रयोगात प्रत्येकाला तेच उत्तर येते, बुडबुडा राहतच नाही. वनस्पतिशास्त्रात खोडाचा पातळ छेद ब्लेडने घेणे, सॅफ्रॅनिनने रंगवणे, सूक्ष्मदर्शकाखाली तो शोधणे, याचेही तसेच. २०२०-२१ मध्ये प्रथम वर्षाला असलेले विद्यार्थी ब्युरेटला हात न लावता पुढच्या वर्गात गेले, कारण जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, पूर्ण होते. आयआयटी मुंबईसह अनेक संस्थांनी मिळून केलेल्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ चांगल्या आहेत, आम्ही त्या वापरतो. पण त्यांची जागा प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी आहे, तयारीसाठी. आपल्या परिपत्रकात ‘प्रत्येक विषय’ म्हणताना प्रात्यक्षिके वगळलेली नाहीत.

मराठी माध्यमाच्या आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे प्रश्न वेगळे आहेत. आपल्याकडचे मराठी टिपणांचे आणि प्रश्नसंचांचे साहित्य वर्षानुवर्षे श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेले. ते गुगल फॉर्ममध्ये चिकटवले की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उमटतात. रूपांतर केले तरी रफार भलत्या अक्षरावर जातो, ‘ऱ्य’ मोडतो, जोडाक्षरे सुटतात. प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर असे साहित्य वाचूच शकत नाही. स्कॅन केलेली पाने त्याच्या लेखी कोरे चित्र असतात. आणि शिक्षक बोलत असताना चॅटमधला प्रत्येक संदेश तो मोठ्याने वाचू लागतो, त्यामुळे विद्यार्थ्याला दोन्ही नीट ऐकू येत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. त्याची अंमलबजावणी युनिकोडमधल्या, म्हणजे कोणत्याही यंत्रावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांतल्या, पीडीएफपासून सुरू होते.

परीक्षांबद्दल थोडक्यात. गुगल फॉर्ममध्ये समीकरण लिहिता येत नाही, म्हणून गणिताचा प्रत्येक प्रश्न आणि त्याचे चारही पर्याय चित्रे म्हणून टाकावे लागत. मंद नेटवर्कवर ती चित्रे उघडेपर्यंत वेळ संपे. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत विद्यार्थी ज्यावर पाने स्कॅन करत ते कॅमस्कॅनरही होते. मग उत्तरपत्रिकेचे सरळ फोटो येऊ लागले: आडवे, हाताची सावली पडलेले, क्रम बदललेले, बारा पानांचे चाळीस-चाळीस एमबी. काळ्या-पांढऱ्या एका पीडीएफमध्ये तीच उत्तरपत्रिका पाच एमबीच्या आत बसते, पण हे विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दिवसाआधी एकदा करून घ्यायला लावणे गरजेचे असते. सराव परीक्षा जिथे झाली तिथे तक्रारी कमी आल्या. बहुपर्यायी प्रश्नांनी निकाल वेळेत लागले, हे खरे. कवितेचे रसग्रहण किंवा लेखापरीक्षणातला युक्तिवाद त्यांनी तपासला गेला नाही, हेही तितकेच खरे.

रेकॉर्डिंगच्या सक्तीला आमचा ठाम आक्षेप आहे. लिंक बाहेर गेली की अनोळखी माणसे वर्गात शिरतात, हे २०२० मध्ये घडले. केंद्रीय गृह मंत्रालयाने १६ एप्रिल २०२० ला झूमबाबत सूचना काढली ती अशाच धोक्यांमुळे. शिवाय वर्गाच्या व्हॉट्सॲप गटांत शिक्षिकांचे खासगी क्रमांक सर्वांकडे गेले आणि त्रास झाला तो त्यांना. ध्वनिचित्रफितीतले दहा सेकंद कापून फिरवता येतात. इतिहास, राज्यशास्त्र किंवा साहित्य शिकवणारा शिक्षक प्रत्येक वाक्य उद्या कुठे जाईल या धास्तीने बोलू लागला, तर वर्गात मोकळा प्रश्न उरणार नाही. रेकॉर्डिंगची मालकी कोणाची, ते किती दिवस ठेवायचे, कोण पाहू शकेल, शिक्षक नोकरी सोडून गेल्यावर त्याचे तास दाखवून त्याचीच जागा भरायची टाळली जाणार नाही ना, यांपैकी एकाही प्रश्नाला परिपत्रकात उत्तर नाही. २०२३ पासून डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम आहे. विद्यार्थ्यांचे चेहरे आणि आवाज हीसुद्धा वैयक्तिक माहितीच आहे.

कामाचे तास हा शेवटचा मुद्दा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. ऑनलाइन साहित्य नीट करायचे तर २० मिनिटांच्या ध्वनिचित्रमुद्रणाला लिहिणे, बोलणे, कापणे, मराठी उपशीर्षके देणे मिळून तीन-चार तास सहज जातात. रात्री दहाला येणाऱ्या शंका वेगळ्या. हे तास कुठेही मोजले जात नाहीत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे तर घेतलेले तासही मोजताना वाद होतात, कारण त्यांचे मानधन मस्टरवरच्या सहीशी बांधलेले आहे आणि ऑनलाइन तासाला मस्टर नसते. ज्यांचे उत्पन्न सर्वांत कमी, त्यांच्यावर हा भार सर्वांत जास्त पडतो.

टिकवण्याजोगे काय, तेही सांगतो. नोकरी करून शिकणाऱ्यांना रात्री ऐकता येणारे छोटे ध्वनिपाठ उपयोगी पडले. वर्गात कधी न बोलणारे विद्यार्थी चॅटमध्ये प्रश्न विचारू लागले. दुसऱ्या शहरातला तज्ज्ञ तासभर बोलू शकला. एटीकेटीच्या, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्या, विद्यार्थ्यांसाठी शंकानिरसनाचे तास ऑनलाइनच बरे, कारण ते तीन महाविद्यालयांतून येतात आणि एका वेळी जमत नाहीत. यांतले काहीही सक्तीने झाले नव्हते. आयोगानेही ४० टक्क्यांचा आकडा २०२१ मध्ये मांडला तो मुभा म्हणून; त्याचे उद्दिष्ट करू नये.

आमच्या मागण्या अशा:

१. हे परिपत्रक स्थगित करून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्यापरिषदेपुढे चर्चेला ठेवावे, आणि कोणता भाग ऑनलाइन चालेल हे विषयवार अभ्यासमंडळांनी ठरवावे.

२. प्रात्यक्षिके, क्षेत्रभेटी आणि भाषांचे ट्यूटोरियल यांना ४० टक्क्यांच्या तरतुदीतून पूर्ण वगळावे.

३. अतिवृष्टीच्या किंवा वाहतूक कोलमडल्याच्या दिवशी हजेरी धरू नये. गेलेले तास सत्राच्या शेवटी भरून काढण्यासाठी वेळापत्रकात आधीच काही दिवस राखून ठेवावेत. तास रद्द होण्याचा निर्णय आदल्या रात्री, किमान पहाटे पाचच्या आत, कळवावा.

४. ऑनलाइन तास घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयाच्या इंटरनेटच्या अपलोड वेगाची मोजणी करून ती जाहीर करावी. १२० च्या तुकडीला पुरेल असे संस्थेचे सशुल्क खाते, पेन टॅबलेट, मायक्रोफोन आणि संस्थेच्या खर्चाने डेटा द्यावा. ज्या विद्यार्थ्यांकडे साधन नाही त्यांना ग्रंथालयातून टॅब घरी नेता यावा, आणि महाविद्यालयातली संगणक प्रयोगशाळा त्यांच्यासाठी संध्याकाळी आठपर्यंत उघडी राहावी.

५. कॅमेऱ्याची सक्ती नसावी. फक्त आवाजावरचा तास आणि आधी पाठवलेले टिपण ही पद्धत अधिकृत मानावी.

६. सर्व मराठी साहित्य युनिकोडमध्ये असावे, आणि परीक्षेआधी स्क्रीन रीडरवर तपासले जावे.

७. रेकॉर्डिंग शिक्षकाच्या लेखी संमतीनेच व्हावे, सत्र संपल्यावर पुसले जावे, आणि अध्यापकपद रिकामे ठेवण्यासाठी त्याचा वापर होणार नाही अशी लेखी हमी मिळावी.

८. ऑनलाइन तयारीचे तास कार्यभारात धरावेत. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना ऑनलाइन तासाचे मानधन प्रत्यक्ष तासाइतकेच आणि त्याच महिन्यात मिळावे.

९. समोर अर्धा वर्ग आणि पडद्यावर अर्धा अशी दुहेरी शिकवणी कोणावरही लादू नये. महाविद्यालये पुन्हा उघडल्यावर ती काही काळ करून पाहिली गेली. फळ्याकडे वळले की पडद्यावरच्यांना ऐकू येत नाही, आणि फोनकडे पाहिले की समोरचे सुटतात. मदतनीस आणि दुसरा कॅमेरा नसेल तर ते चालत नाही.

प्रवेश प्रक्रिया सुरू होण्याआधी या मुद्द्यांवर लेखी उत्तर द्यावे आणि शिक्षक व विद्यार्थी प्रतिनिधींची बैठक बोलवावी. वर दिलेले सगळे हिशेब, तुकड्यांचे आकडे आणि तासांच्या नोंदी घेऊन आम्ही तिथे येऊ.

कळावे,
आपले,
मुंबई व उपनगरांतील महाविद्यालयीन अध्यापक